गिअरच्या सायकलचे पार्ट: काय झिजतं, कुठे मिळतं, किती पडतं

आधी आकडा. १५ ते २५ हजारांची माउंटन बाइक तुम्ही गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात रोज चालवत असाल, तर वर्षाला साधारण ४ हजार रुपये तिच्यासाठी बाजूला ठेवा. दोन सर्व्हिसिंग, एक चेन, ब्रेक पॅडचे दोन सेट, गिअर-ब्रेकच्या वायरी, एखाद-दोन ट्यूब आणि तेलाची बाटली, एवढं त्यात बसतं. हा खर्च टाळलात तर दुसऱ्या वर्षी एकदम सहा-सात हजारांचं बिल येतं आणि मिस्त्री वर सांगतो, "साहेब, नवीनच घ्या."

खाली दिलेले भाव अंदाजे आहेत. दुकान, ब्रँड आणि तुमची घासाघीस यानुसार ते वर-खाली होतात. दुप्पट भाव ऐकलात, तर मात्र दुसऱ्या दुकानात विचारा.

या सायकली डोंगरउतारासाठी बनवलेल्या. आपल्याकडे त्यांची गाठ पडते ती चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्याशी, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसाशी आणि हिंदमाताला साचलेल्या पाण्याशी. त्यामुळे किती किलोमीटर चाललात यापेक्षा सायकल किती भिजली आणि कुठे उभी होती, यावर इथे झीज ठरते. चाळीच्या गॅलरीत प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेली सायकल रोज चालणाऱ्या सायकलपेक्षा लवकर गंजते, कारण आत दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर टाका. फुकट आहे.

दुकानात जायच्या आधी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. मागे किती चकत्या आहेत, मोजा. टायरच्या कडेचा आकडा बघा: २६, २७.५ की २९. ब्रेक वायरवर चालतात की तेलावर, म्हणजे हायड्रॉलिक? आणि व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड आहे की बारीक पितळी टोकाचा? जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते आणि तिथे हवा फुकट असते. बारीक असेल तर ४०-५० रुपयांचा ॲडॉप्टर खिशात ठेवा.

टायरच्या आकड्यात एक सापळा आहे. '२६' लिहिलेले सगळे टायर एकमेकांना बसत नाहीत. माउंटन बाइकच्या २६ इंची रिमचा खरा व्यास ५५९ मिलिमीटर, तर जुन्या लेडीज सायकलच्या '२६ बाय १ ३/८' चा ५९०. गंमत म्हणजे दूधवाल्याच्या काळ्या सायकलची '२८ बाय १ १/२' रिम ६३५ मिलिमीटरची आहे, म्हणजे तुमच्या '२९' पेक्षा मोठी. २९ ची रिम ६२२ च. म्हणून इंच सांगू नका. टायरवर बारीक अक्षरात '५४-५५९' किंवा '५४-५८४' असं काहीतरी छापलेलं असतं, त्याचा फोटो दाखवा.

मागच्या चकत्या दोन प्रकारच्या असतात. स्वस्त सायकलला आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, जरा वरच्याला कॅसेट. ओळखायचं असं: चाक धरून पायडल उलटं फिरवा आणि चकत्यांच्या मधोमध, पाना लागतो त्या खाचांकडे बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. हे माहीत नसलं की चुकीचा पार्ट घरी येतो आणि काळबादेवीची दुसरी फेरी पडते. फ्रीव्हीलवाल्या चाकाचा आणखी एक दोष: उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, एक्सलचं टोक बाहेर आधाराविना राहतं, म्हणून वजनदार माणसाखाली किंवा खड्ड्यात एक्सल वाकतो, तुटतो. नवा एक्सल १५० ते ३०० रुपयांत मिळतो. "पूर्ण चाकच बदला" असं कोणी म्हणालं तर आधी हा भाव विचारा.

चेन: इथेच पैसे वाचतात किंवा जातात

चेन ताणली जाते असं म्हणतात. खरं तर तिच्या पिना झिजतात आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. वाढलेल्या अंतराची चेन मागच्या चकत्यांचे दात कोरते. मग नवी चेन टाकलीत तरी जुन्या चकतीवर ती घसरते, चढावर 'खट्' करून उडते. म्हणून चेन वेळेवर बदलणं हा या सायकलवरचा सगळ्यात फायद्याचा खर्च.

मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरे. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेला असेल तर चेन बदला. आठव्या भागाने गेला असेल तर चेन आणि चकत्या, दोन्ही. चेन मोजायची पट्टी ३०० ते ५०० रुपयांना मिळते. सोसायटीत तीन-चार सायकली असतील तर वर्गणी काढून घ्या.

सात किंवा आठ गिअरची चेन ५०० ते ९०० रुपये, बसवायची मजुरी १०० ते १५०. सात गिअरचं फ्रीव्हील ६०० ते १,०००, आठची कॅसेट १,३०० ते २,०००. पुढचा क्रँकसेट १,५०० च्या पुढे. म्हणजे ७०० रुपयांची चेन टाळून तुम्ही तीनेक हजारांचा माल झिजवता. रोज चालणाऱ्याने दर महिन्याला एकदा मोजावं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

गिअर जितके जास्त, तितकी चेन अरुंद आणि महाग. अकरा-बारा गिअरची चेन २ ते ४ हजारांची, कॅसेट त्याच्या दुप्पट-तिप्पट. लालबागहून फोर्टला ऑफिसला जायला बारा गिअर लागत नाहीत. भायखळ्याचा पूल हा वाटेतला सगळ्यात मोठा चढ. दुकानदार 'अपग्रेड' सुचवेल, टाळा.

शिमानोच्या माउंटन बाइकच्या पार्टची उतरंड ठाऊक असू द्या: तळाला टूर्नी, मग अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरी आणि त्याच्या वर एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. वर जाताना गिअर हलके आणि नेमके पडतात. पण वजन कमी म्हणजे आयुष्य जास्त असं नाही. २०२३ मध्ये कंपनीने 'क्यूज' नावाची नवी मालिका आणली आणि अल्टस, असेरा, अलिव्हिओ यांची जागा तिला द्यायला सुरुवात केली. टिकाऊपणासाठी ती बरी, पण क्यूजचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा पार्ट) आणि जुना शिफ्टर यांचं जुळत नाही. "हेच नवीन मॉडेल आहे, बसेल" यावर पैसे देऊ नका. बसवून, सगळे गिअर पाडून दाखवल्यावर द्या.

तेल: चेनचं तेल वेगळं मिळतं, १०० मिलिलिटर २५० ते ५०० रुपये, रोजच्या वापराला सहा-आठ महिने जातं. पावसाळ्यात 'वेट', एरवी 'ड्राय'. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, एका सरीत धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा गंजलेला नट सोडवायला उत्तम. चेनला तेल म्हणून निरुपयोगी. तेल घातल्यावर दहा मिनिटं थांबा आणि बाहेरून चेन कोरड्या फडक्याने पुसून काढा. चमकणारी ओली चेन धूळ ओढते.

ब्रेक, आणि माझे ७०० रुपये

एका मे महिन्यात मी सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला दिली. आरशासारखी चकचकीत होऊन परत आली. भारतमाताच्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि सायकल थांबेचना. डिझेलचा फवारा मारून धुतली होती, आणि ते डिझेल डिस्कवरून पॅडमध्ये मुरलं होतं. दुकानाने "पॅड जुनेच होते" म्हणून हात वर केले. दोन्ही चाकांचे नवे पॅड ७०० रुपयांचे पडले. तेव्हापासून सायकल देताना मी सांगतो: डिस्कजवळ डिझेल, तेल, स्प्रे काही नको, धुवायची असेल तर पॅड काढून ठेवा. तुम्हीही सांगा.

तेल मुरलेले पॅड घासून, जाळून सुधारत नाहीत, ते बदलावेच लागतात. फक्त डिस्कची चकती साबणाच्या पाण्याने किंवा केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वापरता येते. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे. शिमानोच्या चकतीची जाडी १.५ मिलिमीटरच्या खाली गेली की तीही. पॅडचा एक सेट २५० ते ६०० रुपये. पावसात धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण चकतीवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असेल तर ते लावू नका, चकती खातात.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर एक प्रश्न विचारल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका: "यात तेल कोणतं घालणार?" शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव. मोटरसायकलच्या ब्रेकचं ऑइल मिनरलवाल्या ब्रेकमध्ये घातलं की आतली रबरं फुगतात आणि अख्खा ब्रेक बाद होतो. ब्लीडिंगचे, म्हणजे जुनं तेल काढून नवं भरायचे, एका ब्रेकला ४०० ते ८०० रुपये, वेळ तासभर. मिस्त्री प्रश्नावर गडबडला तर नमस्कार करून निघा. वायरवाल्या डिस्क ब्रेकला ही कटकट नाही. शहरात मला तेच पसंत.

वायरी स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. साधी ३०-४० रुपयांची, स्टेनलेस ८० ते १५०. पहिल्या पावसात फरक दिसतो.

न दिसणारी झीज

सीटपोस्ट. ॲल्युमिनियमची दांडी लोखंडी फ्रेममध्ये, वरून घाम आणि खारी हवा. वर्षभर हलवली नाही तर ती आत चिकटून बसते आणि मग निघत नाही. कापून काढायला हजार-दीड हजार मागतात, तरी फ्रेम वाचेल याची हमी नाही. इलाज दहा रुपयांच्या ग्रीसचा: दर तीन महिन्यांनी दांडी बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत घाला. पायडलच्या आट्यांनाही तेच. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ताकद लावण्याआधी आठवा.

साचलेल्या पाण्यातून सायकल नेली आणि पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं, तर ते हबमध्ये आणि पायडलच्या बीबीमध्ये, म्हणजे क्रँकच्या मधल्या बेअरिंगमध्ये, शिरलं असं समजा. आठवडाभरात उघडून ग्रीस बदला, नाहीतर छर्रे गंजतात आणि कटोऱ्यांना खड्डे पडतात. दोन्ही हब आणि बीबी खोलून ग्रीसिंगची मजुरी ४०० ते ७०० रुपये. कटोरी-छर्ऱ्यांचं बीबी कायमचं काढून टाकायचं असेल तर सीलबंद कार्ट्रिज ७०० ते १,३०० रुपयांना मिळतं. आपल्या हवेत ते घ्याच. लांबी जुळावी म्हणून जुनं बरोबर न्या. (त्या पाण्यात पायाला जखम असेल तर सायकलआधी डॉक्टरांकडे जा, लेप्टोचा इशारा महापालिका दर पावसाळ्यात देते.)

पायडल मारताना 'टक-टक' आवाज आला तर त्याच दिवशी क्रँकचा बोल्ट आवळा. ढिल्या क्रँकवर चार दिवस चालवलीत तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि नवा क्रँक घ्यावा लागतो.

डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो ती म्हणजे हँगर. सायकल उजवीकडे पडली की ती मुद्दाम वाकते, फ्रेम वाचावी म्हणून. गॅलरीत, जिन्यात, लोकलच्या लगेज डब्यात सायकल उजव्या बाजूला टेकवू नका. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, ३०० ते ८०० रुपये, आणि मागवायला आठ-दहा दिवस लागतात. सायकल नवी असतानाच एक जादा घेऊन ठेवा.

पुढचा शॉकअप. इथे कडू बोलतो: २५ हजारांच्या आतल्या सायकलचा शॉकअप म्हणजे बहुधा स्प्रिंग घातलेलं दोन-अडीच किलोचं ओझं. दांड्या पुसा, रबरी सील स्वच्छ ठेवा, बस्स. तो अडकला किंवा डुगडुगला तर दुरुस्तीवर दीड हजार घालू नका. त्या पैशात साधा ताठ फोर्क येतो आणि सायकल हलकी होते. हवेवर चालणारा महागडा फोर्क असेल तर गोष्ट वेगळी. रॉकशॉक्स खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी. त्याला २ ते ५ हजार धरा, आणि ते काम गल्लीतल्या मिस्त्रीचं नाही.

टायर. खडबडीत गोट्यांचे टायर डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर भराभर झिजतात, आवाज करतात, दम काढतात. गुळगुळीत किंवा कमी गोट्यांचे टायर ७०० ते १,५०० रुपयांना एक. ३५ ते ४५ पीएसआय हवा ठेवा. सायकल बदलल्यासारखं वाटेल.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला सायकल नेत असाल, तर वरसोली-किहीमच्या वाळूत ती घालण्याआधी विचार करा. घातलीतच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बादलीने, मगाने धुवा, पुसा, चेनला तेल द्या. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने नको. तो झोत बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत ढकलतो, आणि त्याचे ५०-१०० रुपये वर घेतात.

कुठे, केव्हा

पार्टसाठी काळबादेवी. दादरहून मेट्रो ३ ने थेट काळबादेवी स्टेशन, लालबाग-परळहून करी रोड किंवा चिंचपोकळीला लोकल पकडून सीएसएमटी. सायकल नेऊ नका, हातगाड्यांच्या गर्दीत ती ढकलतच न्यावी लागते. सुटा पार्ट पिशवीत घालून न्या. साडेअकराच्या आत पोचा, रविवारी जाऊ नका. दादरच्या बाजारातली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, हे तिथे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सीलबंद बेअरिंगला सायकलच्या दुकानात जायचंच नाही. बेअरिंगवर ६९०२, ६००१ असा नंबर कोरलेला असतो. तो घेऊन काळबादेवीहून चालत नागदेवी स्ट्रीटला जा. तीच वस्तू तिथे यंत्रांच्या भावात, १०० ते ३०० रुपयांत मिळते. नंबरापुढे '२आरएस' हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. 'झेडझेड' म्हणजे पत्र्याचं झाकण, ते पावसात टिकत नाही. स्टेनलेसचे ॲलन बोल्टही तिथेच घ्या.

पंक्चर, रिंगचा आउट काढणे, एखादी तार बदलणे, ब्रेक आवळणे ही कामं गल्लीतल्या मिस्त्रीकडे. पंक्चर ३० ते ६०, आउट काढायचे एका चाकाला १०० ते २५०. हायड्रॉलिक, बारा गिअर, हवेचा फोर्क यांसाठी कंपनीच्या दुकानाचं वर्कशॉप. पूर्ण सर्व्हिसिंगला साध्या दुकानात ४०० ते ८००, मोठ्या दुकानात ८०० ते १,८००. एक दिवस धरा, पार्ट मागवायचा असेल तर आठवडा. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळच्या दुकानात सायकल देऊ नका. रस्ते बंद असतात, मिस्त्री मंडपात असतो.

बिल आणि भांडण

काम देण्याआधी मजुरी आणि पार्ट वेगवेगळे लिहून घ्या. 'फिटिंग चार्ज', 'क्लीनिंग', 'कन्झ्युमेबल' हे तीन शब्द शेवटी उगवतात, आधीच विचारा, "यात आलं ना?" बदललेला जुना पार्ट परत मागा. पार्ट खरंच बदलला का, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. नव्या सायकलबरोबरच्या 'फ्री सर्व्हिस'मध्ये फक्त मजुरी फुकट असते आणि तिला मुदत असते, तारीख कार्डावर बघा. खोक्याशिवाय सुटा मिळणारा पार्ट अस्सल असू शकतो, पण वॉरंटी नसते. मग भावही कमी हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. तिच्यावर "जीएसटी वेगळा" म्हणून कोणी मागितला तर देऊ नका.

बिल घ्या, त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बीबीखाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. वॉरंटीला तो लागतो, आणि सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यातही. बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का असला तरी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाही भागलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

वर्षातून दोनदाच सर्व्हिसिंग करणार असाल तर एक ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर: पूर्ण खोलून, ग्रीससकट. दुसरी मे महिन्यात: वायरी, पॅड, चेन, मडगार्ड. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळीकडे रांग असते आणि सायकल चार-चार दिवस फुटपाथवर उभी राहते. पहिल्या पंधरवड्यात द्या.